जुळा कप

चहाच्या कंपनीत चव घ्यायचं काम करणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? जीभराव म्हणत. तोंडावर म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडतही असे. एकतीस वर्षं ते चमचाभर चहा सुर्रकन ओढत, जिभेवर घोळवत, बाजूच्या पिकदाणीत टाकत आणि सांगत, ही गोणी ठेवा, ती परत पाठवा. त्यांच्या एका शब्दावर गाडीभर माल आल्या पावली परत जाई. अशा माणसाला जगातल्या सगळ्याच गोष्टींवर मत असणार. जीभरावांना होतं, आणि आपलं मत चुकल्याचं त्यांना एकदाही आठवत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या लांब टेबलावर डबे उघडले की वादही उघडत. भात मोकळा चांगला की आसट? पाहुण्याला तिसऱ्यांदा आग्रह करणं हे प्रेम की छळ? मुलीच्या सासरी आईबापांनी किती दिवस राहावं? चहा बशीत ओतून पिणारा माणूस गावंढळ की शहाणा?

"मोकळा भात म्हणजे काय, दाणे मोजत खायचं?" गोदामवाला म्हणायचा. हा माणूस जीभरावांच्या विरुद्ध बोलण्यासाठीच जन्माला आला होता.

"आसट भात आजाऱ्याने खावा आणि दात नसलेल्याने," जीभराव म्हणायचे. "तुझे दात आहेत अजून?"

टेबल हसायचं आणि वाद मिटायचा. तो पुन्हा दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा, ही गोष्ट वेगळी. पण शेवटचा शब्द जीभरावांचा, यावर मात्र कोणाचा वाद नव्हता.

तर अशा या जीभरावांच्या ध्यानात आलं, की गेल्या तीन महिन्यांत जगात भेसळ फार वाढली आहे.

मधे त्यांना आठवडाभर सर्दीताप झाला होता. रजा संपवून ते कामावर आले आणि तेव्हापासून हे सुरू झालं. दूध पांचट. लोणच्यात नुसता रंग. आंबे तर पोटात लाकूड भरल्यासारखे. आंबेवाल्याशी ते भर रस्त्यात भांडले. दूधवाला बदलला, नवा दूधवाला जुन्याचाच चुलतभाऊ निघाला, तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, "वाटलंच होतं."

घरातही काहीतरी शिजत होतं, आणि ते चुलीवर नव्हतं.

"मीठ कमी केलंस?" एक दिवस त्यांनी बायकोला विचारलं.

"नाही हो."

"डॉक्टरांनी सांगितलं असेल. माझ्यापासून लपवून."

"डॉक्टरांना मी शेवटचं पाहिलं ते तुमच्या तापात. अहो, मीठ बरोबर आहे. मी जेवतेय ना?"

"तू वेगळं काढून घेतलंस."

बायकोने मिठाची बरणी पुढे सरकवली. त्यांनी एक चमचा घातलं, मग दुसरा. तिने त्यांच्या ताटातला एक घास उचलून तोंडात टाकला आणि तिचं तोंड असं काही वाकडं झालं की जीभरावांना वाटलं, काय नाटक करते ही! दोन दिवसांनी ती मुलीशी फोनवर बोलताना त्यांनी दाराआडून ऐकलं. "बाबांना काही बोलू नकोस एवढ्यात," ती म्हणत होती. आता याला कट नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ते स्वयंपाकघरातल्या बरण्या उघडून बघायला लागले. बायको दारात उभी राहून बघायची आणि निघून जायची. तिचे डोळे तेव्हा भरलेले असत, पण जीभरावांचं लक्ष बरणीत असे.

पण घरचं एक वेळ ठीक. खरी पाल चुकचुकली ती कामावर.

चव घ्यायची खोली लहानशी होती. एका भिंतीला मोठी खिडकी, तिच्याखाली पांढऱ्या फरशीचा लांब ओटा, ओट्यावर बारा पांढरे कप. कोपऱ्यात किटल्या, छोटा तराजू आणि वाळूचं घड्याळ. तिथलं सगळं किटलीताई बघत. सतरा वर्षं त्याच बघत होत्या. पत्ती मोजून घालायची, पाणी ओतायचं, वाळू संपली की गाळून कप मांडायचे, आणि जीभराव चव घेत पुढे सरकले की हातात फडकं घेऊन त्यांच्या मागे उभं राहायचं. त्या बोलत कमी. जीभरावांच्या हिशेबी हा त्यांचा मोठा गुण होता. आता तोच गुण त्यांना खुपायला लागला. एवढं गप्प राहणाऱ्या माणसाच्या पोटात काय असेल कोण जाणे.

त्या खोलीत एक रीत होती आणि ती जीभरावांनीच घातली होती. बारा कपांत चहा अकराच. त्यातला एक दोनदा मांडलेला. तो कोणता, हे फक्त मांडणाऱ्याला ठाऊक. कपाच्या बुडाला क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली. चव घेणाऱ्याने जुळा कप ओळखायचा, मगच त्याचं बाकीचं मत खरं धरायचं. "उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आपल्याकडे नाही," ते नव्या माणसांना सांगत. रोजचा जुळा कप नोंदवहीत लिहिला जाई, आणि त्यांच्या नावापुढे बरोबरच्या खुणांशिवाय काही नव्हतं.

आताही नव्हतं. पण कसं, ते बघा. तापातून आल्यावर चार-पाच दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं, की दोन कपांचे कान दाराकडे वळलेले असतात आणि बाकी दहांचे खिडकीकडे. आणि ते दोनच जुळे असतात. त्यांनी मनाशी म्हटलं, कान बघायच्या आधीच मला कळलं होतं. रोज तसंच म्हटलं. आणि महिनाभराने त्यांना प्रश्न पडला, की ही बाई हे करते कशाला?

एकदा हा प्रश्न पडल्यावर बाकीचं आपोआप जुळत गेलं. सगळे कप फिके लागत होते, म्हणजे ती पत्ती कमी घालत होती. पत्ती कमी, म्हणजे उरलेली कुठेतरी जात होती. रोज संध्याकाळी ती वर्तमानपत्राचं एक पुडकं पिशवीत टाकते, हे त्यांनी दोनदा पाहिलं होतं. जुळे कप आयते दाखवायचे, म्हणजे म्हातारा खूश राहील आणि बाकीच्या दहांकडे नीट बघणार नाही! शिवाय त्यांनी "ठीक" असा शेरा दिलेल्या गोण्यांच्या काही चिठ्ठ्यांवर तिच्या अक्षरात "पुन्हा बघा" असं लिहिलेलं सापडलं. आपल्या शेऱ्यावर शेरा! कुंपणच शेत खात होतं.

जीभराव आता चहापेक्षा तिच्या हातांकडे जास्त बघायला लागले. खिडकीच्या काचेत ती मागे उभी असलेली दिसायची. ते चव घेत असताना ती अंगठ्याने फडकं चोळत राहते, आणि ते जुळ्या कपापाशी आले की अंगठा थांबतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं त्यांना वाटलं.

गुरुवारी दुपारी त्यांनी साहेबांना चिठ्ठी दिली. साहेब म्हणजे मालकाचा मुलगा, वयाने यांच्या मुलीएवढा. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली.

"काका, हे तुम्ही सही करून देताय?"

"माझी जीभ खोटं सांगत नाही."

"मग चोरी ठरली तर त्यांना त्याच दिवशी घरी पाठवावं लागेल. उद्या अकराला तुमच्या खोलीतच बघू."

शुक्रवारी जीभराव सकाळी साडेआठलाच आले. अकराच्या पंचनाम्याला आपल्याकडे एक खरं माप असलेला कप हवा, असा त्यांचा बेत होता. त्यांनी स्वतः पत्ती मोजली, स्वतः पाणी ओतलं. एका कपात कपाटातला सगळ्यात उंची चहा, आणि गंमत म्हणून दुसऱ्यात गोदामाच्या जमिनीवरून झाडून काढतात तो भुगा. वाळू संपली. त्यांनी उंची चहा सुर्रकन ओढला.

गरम पाणी.

त्यांनी भुगा ओढला. तेही गरम पाणी. जरा वेळाने त्यांनी डोळे मिटले, कप ओट्यावर चारपाचदा इकडचे तिकडे केले आणि पुन्हा चव घेतली. कोणता कोणता, हे त्यांना डोळे उघडल्यावर रंगावरूनच कळलं. मोरीत फिनेलची बाटली होती. तिचं बूच काढून त्यांनी ती नाकाखाली धरली आणि खोल श्वास घेतला. बाटलीत पाणी असतं तरी एवढंच कळलं असतं.

ते स्टुलावर बसले. दूधवाला, आंबेवाला, बरणी घेऊन उभी असलेली बायको, सगळे एकेक करून डोळ्यांपुढून गेले. त्यांना भयंकर लाज वाटली. आणि मग चिठ्ठी आठवली.

दार उघडून किटलीताई आत आल्या. त्यांनी ओट्यावरचे दोन कप पाहिले, फिनेलची उघडी बाटली पाहिली आणि पिशवी खुंटीला अडकवली.

"कळलं म्हणायचं," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तापातून आलात त्याच दिवशी. घाईत किटलीत साबण राहिला होता माझ्याकडून. तो चहा तुम्ही 'ठीक' म्हणालात."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय झालं असतं? तुमच्या जागी नवा आला असता, आणि तो आपलं माणूस बरोबर घेऊन आला असता. तुमची जीभ गेली की माझी किटली गेली, भाऊ. घरी चार तोंडं आहेत. म्हटलं सर्दी आहे, उतरेल. कपांचे कान फिरवले."

"आणि वाईट माल आत आला असता तर?"

"'पुन्हा बघा' कशाला लिहीत होते मग? गोदामवाला ती गोणी बाजूला ठेवायचा. सतरा वर्षं तुमच्या मागे उभी आहे. रोज उरलेलं मीच पिते. मलाही जीभ आहे."

जीभरावांनी तोंड उघडलं. चिठ्ठीचं सांगायला हवं होतं, त्या क्षणी, तिथल्या तिथे. पण ते त्यांच्याने बोलवेना. "ताई," एवढंच म्हणून ते थांबले. ताईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि त्या कप विसळायला लागल्या.

पावणेदहाला ते साहेबांच्या खोलीकडे गेले. चिठ्ठी परत मागायची आणि खिशात घालून यायचं. साहेब बाहेर गेले होते. ते परतले ते थेट अकराला, थेट चव घ्यायच्या खोलीत, आणि चिठ्ठी त्यांच्या हातात होती.

"बाई, तुमच्याबद्दल तक्रार आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी ती वाचून दाखवली. पत्ती कमी घालतात. उरलेली पुडक्यात बांधून नेतात. माझी खात्री आहे. खाली सही.

किटलीताईंनी जीभरावांकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, जणू हा माणूस आजच कामावर आला आहे.

"पुडकं उघडा," साहेब म्हणाले.

ताईंनी पिशवीतून कालचं राहिलेलं पुडकं काढून ओट्यावर उघडलं. उकळून चोथा झालेली, ओलसर, काळी पत्ती. "कुंड्यांना घालते," त्या म्हणाल्या.

मग साहेबांनी त्यांना समोर पत्ती मोजायला लावली. बारा वेळा तराजूचा काटा मधोमध थांबला. पाणी ओतलं, वाळू पडली, रोजच्यासारखा एक जुळा धरून कप मांडले गेले. साहेब जीभरावांकडे वळले.

"हा माझ्यासमोर झालेला चहा. रोजच्याशी ताडून सांगा काका. रोज यापेक्षा फिका असायचा?"

सुटका समोर होती. "हो, आज बरोबर आहे," एवढं म्हटलं की काम झालं. जीभ शाबूत, मान शाबूत, आणि सतरा वर्षं मागे उभी राहिलेली बाई चोर. जीभरावांनी चमचाभर चहा ओढला. गरम पाणी.

"रोज असाच असायचा," ते म्हणाले. "यांनी कणभर पत्ती घेतलेली नाही. माझीच चव गेलीय, साहेब. तापात गेली. मला आज सकाळी कळलं."

साहेबांनी नोंदवही ओढली, तीन महिन्यांची पानं उलटली आणि मान वर केली.

"चव गेलीय. आणि जुळा कप रोज बरोबर?"

हात दाखवून अवलक्षण! एका आरोपातून तिला सोडवायला जावं तर दुसऱ्यात तीच अडकत होती. कपांचे कान फिरवून कंपनीला तीन महिने फसवलं, असंच साहेब म्हणणार. खोटं मत आयुष्यात दिलं नाही, असं म्हणवणाऱ्या माणसाने आता तेच करायचं ठरवलं.

"रंगावरून ओळखत होतो," ते म्हणाले. "एकतीस वर्षं बघतोय. डोळ्यांनाही कळतं."

"असं?" साहेबांचा विश्वास बसला नव्हता, आणि ते साहजिकच होतं. ते एकदा किटलीताईंकडे आणि एकदा जीभरावांकडे बघत होते. "मग पाठ करा. मी कप हलवतो. चमचा न लावता सांगा."

जीभराव दाराकडे तोंड करून उभे राहिले. मागे फरशीवर कप सरकल्याचे आवाज येत होते. ते वळले. सगळे कान आता खिडकीकडे होते. रंग बघायला गेले तर त्यांना चार कप सारखे दिसले, मग पाच. डोळ्यांना थोडंफार कळतं हे खरं, पण एवढं नाही.

किटलीताई नेहमीच्या जागी उभ्या होत्या, फडकं हातात घेऊन. कप हलवताना त्यांनी पाहिलं होतं. पण त्या यांच्याकडे बघत नव्हत्या, आणि त्यांनी का बघावं? जीभराव काचेकडे तोंड करून पहिल्या कपावर वाकले. काचेत तो अंगठा फडकं चोळत होता. दुसरा कप. तिसरा. चोळतच होता. चौथ्यावर ते वाकले आणि अंगठा थांबला. त्यांनी उगाच पाचवा, सहावा बघितला, कपाळाला आठ्या घातल्या. दहाव्यावर तो पुन्हा थांबला.

"चौथा आणि दहावा."

साहेबांनी दोन्ही कप पिकदाणीत रिकामे केले आणि उलटे धरले. बुडाला एकच क्रमांक होता.

"ठीक आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांचा स्वर उतरला. "बाई, तुम्ही कामाला लागा. काका, तुम्ही सोमवारी या, मग तुमचं बघू. या खोलीत मात्र नाही." चिठ्ठी ओट्यावर तशीच टाकून ते निघून गेले.

किटलीताई कप गोळा करायला लागल्या.

"खरंच रंगावरून?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुमच्या अंगठ्यावरून. जुळ्यापाशी थांबतो तो."

ताईंनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "म्हणजे एवढे दिवस माझ्यावर पाळत होती."

"होती," जीभराव म्हणाले. "मला माफ करा ताई. फार मोठी चूक झाली माझ्याकडून."

ताईंनी हात पुसले, ओट्याच्या खणातून कोरा कागद काढला, पेन काढलं, आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवलं.

"पहिली चिठ्ठी तुमच्या सहीची आहे. साहेब ती फाडतील की फाइलला लावतील, मला काय ठाऊक? दुसरी द्या. लिहा."

जीभरावांनी चष्मा लावला आणि लिहायला घेतलं. किटलीताई त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि खांद्यावरून वाचायला लागल्या. बाईंनी पत्ती चोरलेली नाही. त्यांचं माप नेहमी बरोबर होतं. माझी तक्रार मी मागे घेतो, ती माझ्या चुकीमुळे

"'चूक' नको," ताई म्हणाल्या. "चूक म्हणजे किटलीत साबण राहिला ती. तुम्ही 'संशय' लिहा."

पेन थोडा वेळ कागदावर थांबलं. मग जीभरावांनी शब्द खोडला आणि ताईंनी सांगितला तो लिहिला.